रुळांकाठचा कॅमेरा

लिव्हरपूल ते मँचेस्टर ही प्रवासी रेल्वे १८३० मध्ये सुरू झाली आणि १८३९ मध्ये छायाचित्रणाची कला जगापुढे आली. दोन्ही शोध जवळपास एकाच पिढीतले, तरी धावती आगगाडी छायाचित्रात पकडायला पुढची पन्नासेक वर्षे जावी लागली. सुरुवातीच्या काचा इतक्या मंद होत्या की चित्र उमटायला कित्येक सेकंद लागत, आणि तेवढ्या वेळात गाडी चौकटीतून निघून गेलेली असे. त्यामुळे रेल्वेची पहिली छायाचित्रे स्थिर वस्तूंची आहेत: पूल, बोगद्यांची तोंडे, स्थानकांचे दर्शनी भाग आणि कारखान्यातून नुकतेच बाहेर पडलेले इंजिन. मँचेस्टरच्या बेयर पीकॉक कारखान्यासाठी जेम्स मड या छायाचित्रकाराने १८५० च्या दशकापासून इंजिनांची जी चित्रे काढली, ती आजही रेखीवपणाचा नमुना मानली जातात. अशा चित्रासाठी इंजिनाला मुद्दाम फिकट राखाडी रंग दिला जाई. चकाकी मारली जावी आणि एकेक रिव्हेट, एकेक नळी स्पष्ट दिसावी, हा त्यामागचा हेतू. चित्र काढून झाले की इंजिनाला त्याचा खरा रंग लागे.

ही सारी छायाचित्रे कंपन्यांनी काढवून घेतलेली होती. भागधारकांना, सरकारला आणि गिऱ्हाइकांना आपले नवे काम दाखवणे, हे त्यांचे प्रयोजन. अमेरिकेत १० मे १८६९ रोजी युटामधील प्रॉमोंटरी येथे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रूळ जोडले गेले, तेव्हा समोरासमोर उभ्या दोन इंजिनांचे जगप्रसिद्ध चित्र अँड्र्यू रसेल याने टिपले. तो युनियन पॅसिफिक कंपनीच्या सेवेतला छायाचित्रकार होता. महाराष्ट्रात याच्या दहा वर्षे आधी भोर घाटाचे काम चालू होते. १८५९ मध्ये त्या कामाचा ठेका घेऊन आलेला सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच मरण पावला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका आपल्या नावावर चालू ठेवून अभियंत्यांच्या मदतीने काम पुढे नेले. घाटातल्या बांधकामाची छायाचित्रेही तिने काढली. कातळात कोरलेली वाट, अर्धवट उभ्या कमानी आणि त्यांच्या पायथ्याशी माणसांचे बारीक ठिपके अशी ही चित्रे आहेत. १८६३ मध्ये घाट खुला झाला. त्यासाठी हजारो मजुरांनी जीव धोक्यात घातला आणि अनेकांनी तो गमावलाही. त्यांच्या अस्तित्वाचा दृश्य पुरावा म्हणून आज जे थोडेसे उरले आहे, त्यात ही चित्रे मोडतात.

कंपन्यांचा कॅमेरा नेहमी नव्याकडे वळलेला असे. जुने इंजिन भंगारात जाताना, एखादे आडवळणी स्थानक बंद होताना, रोजची मालगाडी रोजच्यासारखी जाताना तिथे कंपनीचा छायाचित्रकार नसे, कारण त्यात दाखवण्याजोगे काही आहे असे कोणाला वाटत नसे. रेल्वेच्या इतिहासाची ही मोठी रिकामी जागा पुढे शौकिनांनी भरून काढली. हे काम त्यांना कोणी सांगितलेले नव्हते आणि त्याचा मोबदलाही मिळत नव्हता.

१८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि पुढच्या दशकात अशा काचा कारखान्यांत तयार होऊन दुकानांत मिळू लागल्या. आता छायाचित्रकाराला रसायनांचा तंबू पाठीवर वाहण्याची गरज उरली नाही आणि सेकंदाच्या लहानशा अंशात चित्र उमटू लागले. इंग्लंडमधले पाद्री, डॉक्टर, शिक्षक सुट्टीच्या दिवशी रुळांच्या कुंपणाशी कॅमेरा रोवून उभे राहू लागले ते याच काळात. १८९७ मध्ये ‘द रेल्वे मॅगझिन’ निघाले आणि १८९९ मध्ये लंडनला रेल्वे क्लब स्थापन झाला. रेल्वेच्या शौकिनांची जगातली पहिली संस्था म्हणून त्याचे नाव घेतले जाते. इंजिनांची छायाचित्रे छापून विकणारे व्यवसायही याच सुमारास उभे राहिले. पोस्टकार्डाच्या आकाराची ही चित्रे शाळकरी मुलांपासून निवृत्त अधिकाऱ्यांपर्यंत सारे जमवत.

रुळांकाठी चित्र काढण्याचे एक शास्त्र हळूहळू घडत गेले. ताशी ९६ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे २७ मीटर पुढे सरकते. म्हणजे कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या शंभराव्या भागापुरती उघडली, तरी तेवढ्यात गाडी २७ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. ती काटकोनात समोरून जात असेल, तर सगळे चित्र फराट्यासारखे उमटते. यावर उपाय म्हणून छायाचित्रकार गाडीच्या समोर, पण किंचित बाजूला उभा राहू लागला. या कोनातून गाडी आडवी सरकण्याऐवजी अंगावर येते आणि काचेवरची तिची हालचाल कमी होते. इंजिनाचा तोंडवळा आणि पूर्ण बाजू दोन्ही एकाच चित्रात येतात, मागचे डबे निमुळते होत क्षितिजाकडे जातात. पाचरीच्या आकाराची ही मांडणी पुढे दोन पिढ्यांची सवय होऊन बसली. अमेरिकेतल्या शौकिनांनी तर आणखी कडक नियम केले: सूर्य पाठीशी हवा, आणि उभ्या इंजिनाच्या चाकांना जोडणारे दांडे सर्वांत खालच्या स्थितीत हवेत. दांडे खाली असले की चाकांचे आरे आणि वरची यंत्रणा मोकळी दिसते. तंत्राच्या मर्यादेतून जन्मलेली ही मांडणी तंत्र सुधारल्यावरही टिकून राहिली, याचे कारण तिच्यातून माहिती भरपूर मिळते. सौंदर्याच्या बाजूने ती एकसुरी वाटू शकते. नोंद म्हणून मात्र तिला तोड नाही.

अमेरिकेत १९२१ मध्ये रेल्वे अँड लोकोमोटिव्ह हिस्टॉरिकल सोसायटी आणि १९३५ मध्ये नॅशनल रेल्वे हिस्टॉरिकल सोसायटी स्थापन झाली. महामंदीच्या त्या वर्षांत देश रुंद होता आणि लोकांचे खिसे रिकामे होते. कॅलिफोर्नियातल्या शौकिनाला मेनमधली इंजिने पाहणे परवडत नसे, म्हणून टपालाने देवघेव सुरू झाली. ‘रेलरोड स्टोरीज’ या मासिकाने इंजिनांच्या चित्रांची अदलाबदल करणाऱ्यांचा एक क्लबच चालवला. पोस्टकार्डाच्या जवळपासचे निगेटिव्ह देणारी फिल्म या व्यवहाराचे चलन झाली, कारण तिचा ठसा मोठा न करता थेट कागदावर काढता येई. एकाने आपल्या गावच्या शंटिंग इंजिनाचे निगेटिव्ह पाठवायचे, दुसऱ्याने त्याच्या डोंगरी फाट्यावरचे. हजारो घरांतल्या बुटांच्या खोक्यांत अशा रीतीने एका खंडाच्या रेल्वेचा दप्तरखाना तयार होत गेला.

या परंपरेतला ऑटो पेरी (१८९४–१९७०) हा डेन्व्हरचा पोस्टमन. नोकरीतून मिळणाऱ्या सुट्ट्या त्याने कोलोरॅडो आणि आसपासच्या राज्यांतले रूळ पालथे घालण्यात घालवल्या आणि सुमारे वीस हजार छायाचित्रे मागे ठेवली, ती आज डेन्व्हरच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहेत. त्याच्या चित्रांइतकेच महत्त्व त्याच्या नोंदींना आहे. इंजिनाचा क्रमांक, गाडीचे नाव किंवा क्रमांक, ती कोणत्या दिशेला चालली होती, किती डबे होते, वेग किती असावा, जागा कोणती आणि तारीख कोणती, हे सारे तो लिहून ठेवी. नोंद नसलेले देखणे चित्र भिंतीवर शोभते. अशी नोंद असलेल्या साध्या चित्रावरून एखाद्या मार्गावर १९३७ साली कोणती वाहतूक होती, चढावर किती डबे ओढले जात, हे सिद्ध करता येते. पेरीच्या काळात विद्यापीठांतल्या इतिहासकारांना अशा गोष्टींत रस नव्हता. पत्रांची थैली खांद्यावर घेऊन फिरणाऱ्या एका माणसाला तो होता, आणि म्हणून ती माहिती उरली.

१९३८ मध्ये लुशियस बीबी या वृत्तपत्रातल्या लेखकाचे ‘हाय आयर्न’ हे सचित्र पुस्तक आले आणि घरातल्या खोक्यांतली ही आवड पुस्तकांच्या दुकानात पोहोचली. १९४० मध्ये ‘ट्रेन्स’ मासिक निघाले. पण त्याच सुमारास, १९३९-४० मध्ये, मालगाड्या ओढणारे जनरल मोटर्सचे डिझेल इंजिन अमेरिकाभर फिरून आपली ताकद दाखवून गेले होते. महायुद्धाने बदल काही वर्षे रोखून धरला. युद्ध संपताच तो झपाट्याने झाला. कोळसा, पाणी, राख, बॉयलरची सफाई या साऱ्यांसाठी लागणारी माणसे आणि शेड डिझेलला नको होती. वीस वर्षांत वाफेची जवळजवळ सगळी व्यवस्था नाहीशी झाली आणि रुळांकाठी उभ्या माणसाच्या कॅमेऱ्याला घाई आली. १९५० च्या दशकात फिलिप हेस्टिंग्ज हा डॉक्टर आणि ‘ट्रेन्स’चा संपादक डेव्हिड मॉर्गन यांनी उरलेली वाफेची इंजिने शोधत देशभर प्रवास केला. हेस्टिंग्जच्या चौकटीत इंजिनाबरोबर पाणी भरणारा फायरमन, कंदील घेतलेला कर्मचारी, रात्रपाळीचा चहा-कॉफीचा ठेला असे सगळे येऊ लागले. इंजिनापलीकडे पाहण्याची ही नजर नवी होती.

ती नजर सर्वांत पुढे नेली ओगल विन्स्टन लिंक याने. १९१४ मध्ये ब्रुकलिनला जन्मलेला लिंक स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेला आणि धंद्याने जाहिरातींचा छायाचित्रकार होता. जानेवारी १९५५ मध्ये तो एका कामासाठी व्हर्जिनियातल्या स्टॉन्टन गावी आला असता जवळच्या वेन्सबरो येथे नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची गाडी पाहायला गेला. ही कंपनी कोळशाच्या खाणींतून जाणारी. कोळसा हाच तिचा मुख्य माल आणि तेच तिचे इंधन. आपली इंजिने ती रोआनोक येथील स्वतःच्या कारखान्यात बांधत असे, आणि डिसेंबर १९५३ मध्येही तिथून वाफेचे नवे इंजिन बाहेर पडले होते. मोठ्या अमेरिकी कंपन्यांपैकी वाफेवर टिकून राहिलेली ही शेवटची, आणि तीही बदलणार हे स्पष्ट होते. पुढची पाच वर्षे लिंक न्यूयॉर्कहून पुन्हा पुन्हा तिथे येत राहिला. कंपनीने त्याला रुळांवर मुक्त प्रवेश दिला. खर्च त्याने स्वतःच्या खिशातून केला. १९६० मध्ये या मार्गावरची वाफ थांबली, तेव्हा त्याच्याकडे सुमारे २४०० निगेटिव्ह जमली होती.

लिंकने बहुतेक महत्त्वाची चित्रे रात्री काढली, आणि या निर्णयामागे पक्का हिशेब होता. दिवसा सूर्य हवा तिथे नसतो, रूळ तर हलवता येत नाहीत. काळोखात प्रकाश कुठून आणि किती पडावा हे छायाचित्रकार ठरवू शकतो. शिवाय रात्रीच्या पार्श्वभूमीवर वाफ पांढरीशुभ्र उठून दिसते. त्यासाठी तो व त्याचा सहायक दिवसभर खपून रुळांच्या दुतर्फा, झाडांत, छपरांवर फ्लॅशच्या बल्बांचे झुबके बांधत आणि मैलभर वायर पसरत. त्या काळचा प्रत्येक बल्ब एकदाच पेटे आणि जळून जाई. सगळे बल्ब एकाच क्षणी पेटावेत म्हणून लिंकने ते एकसर जोडणीत बसवले होते. एकही तार सुटली असती, तर सगळा प्रकाश गेला असता. गाडी यायची, एकदाच जायची. सेकंदाच्या लहानशा अंशात दिवसभराची मेहनत एका फिल्मवर उतरायची किंवा वाया जायची.

ऑगस्ट १९५६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या आयेगर गावी काढलेले त्याचे ‘हॉटशॉट ईस्टबाउंड’ हे चित्र सर्वांत गाजले. मोकळ्या मैदानातले सिनेमागृह, मोटारींत बसून चित्रपट पाहणारी तरुण मंडळी, पडद्यावर विमान आणि मागून धूर सोडत जाणारी मालगाडी. फ्लॅशच्या प्रकाशात पडदा पांढरा पडला असता, म्हणून विमानाचे दृश्य वेगळ्या निगेटिव्हवरून त्यात बसवले आहे. हे कळल्यावर काहींना चित्राचे मोल कमी झाल्यासारखे वाटते. तसे वाटण्याचे कारण नाही: गाडी तिथून खरेच गेली आणि गावाचे तिच्याशी असलेले नातेही खरे होते. लिंकच्या इतर चित्रांत ओढ्यात डुंबणारी मुले आहेत, घोडागाडी थांबवून फाट्यावरची गाडी पाहणारा म्हातारा आहे, खिडकीबाहेरून इंजिन जात असताना दिवाणखान्यात बसलेले कुटुंब आहे. रेल्वेमुळे जगणाऱ्या गावांचा एवढा आत्मीय दस्तऐवज दुसरा सापडत नाही. लिंकने ध्वनिमुद्रणेही केली. १९५७ च्या नाताळच्या आदल्या रात्री रूरल रिट्रीट नावाच्या छोट्या स्थानकावर त्याने चर्चच्या घंटा आणि निघणाऱ्या गाडीचा आवाज एकत्र टिपला.

कलाजगताने या कामाची दखल घ्यायला बराच वेळ लावला. त्याचे पहिले पुस्तक ‘स्टीम, स्टील अँड स्टार्स’ १९८७ मध्ये आले. जानेवारी २००४ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, रोआनोकच्या जुन्या स्थानक-इमारतीत त्याच्या चित्रांचे संग्रहालय उघडले.

ब्रिटनमध्ये या छंदाला वेगळे वळण लागले. १९४२ मध्ये सदर्न रेल्वेतल्या इयन अ‍ॅलन नावाच्या तरुण कारकुनाने इंजिनांच्या क्रमांकांची खिशात मावणारी पुस्तिका काढली आणि फलाटाच्या टोकाशी वही घेऊन उभ्या मुलांची एक अख्खी पिढी तयार झाली. यांतली पुष्कळ मुले पुढे छायाचित्रकार झाली. एरिक ट्रेसी (१९०७–१९७८) हे त्यांच्या आधीच्या पिढीतले. लिव्हरपूलच्या एज हिल भागात, रेल्वे कामगारांच्या वस्तीत ते पाद्री होते आणि तिथेच त्यांच्या हाती कॅमेरा आला. ड्रायव्हर-फायरमन त्यांचे मित्र. साहेब चढावर उभे आहेत हे कळले की ते मुद्दाम भरपूर कोळसा टाकून धुराचा लोट काढत. पुढे ट्रेसी वेकफील्डचे बिशप झाले. मे १९७८ मध्ये ॲपलबी स्थानकावर ‘इव्हनिंग स्टार’ या इंजिनाची वाट पाहत असताना त्यांना मृत्यू आला. त्यांची सुमारे बारा हजार छायाचित्रे यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाकडे आहेत. ११ ऑगस्ट १९६८ रोजी ब्रिटिश रेल्वेची वाफेवरची शेवटची विशेष गाडी लिव्हरपूलहून कार्लाइलला जाऊन आली, तेव्हा वाटेतल्या प्रत्येक पुलावर आणि टेकडीवर माणसे कॅमेरे घेऊन उभी होती.

त्यानंतर युरोपातले शौकीन पूर्वेकडे वळले, कारण भारतात वाफ भरात होती. चित्तरंजनच्या कारखान्याने ब्रॉड गेजचे ‘अंतिम सितारा’ हे शेवटचे वाफेचे इंजिन १९७० मध्ये आणि मीटर गेजचे शेवटचे १९७२ मध्ये बांधले. रुळांवर मात्र हजारो इंजिने आणखी दोन दशके राबत राहिली. बंदुकीच्या गोळीसारखे नाक आणि त्यावर चांदणी असलेले डब्ल्यूपी वर्गाचे इंजिन परदेशी छायाचित्रकारांचे विशेष लाडके होते. मायकेल सॅटो हे असेच एक जाणकार. भारतात मोठ्या कंपनीचे प्रमुख म्हणून काम करताना त्यांनी देशभरातली जुनी इंजिने हुडकली आणि १९७७ मध्ये दिल्लीत उघडलेल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाच्या उभारणीत मोलाचा वाटा उचलला.

भारतीय शौकिनांची वाट जास्त अवघड होती. कॅमेरा आणि फिल्म दोन्ही महाग, आणि रेल्वेच्या हद्दीत छायाचित्र काढायला परवानगी लागे. पूल व स्थानके संरक्षणाच्या दृष्टीने नाजूक मानली जात असल्याने कॅमेरा बाहेर काढला की पोलीस चौकशी करत. त्यामुळे इथली बरीच आठवण चित्रांपेक्षा वह्यांत आणि सांगण्यात साठलेली आहे. दौंड, मिरज, भुसावळ यांसारख्या रेल्वेच्या गावांत लोको शेडच्या भोंग्यावर घराचे वेळापत्रक चाले. कोणत्या ड्रायव्हरची शिट्टी कशी वाजते हे वस्तीतल्या पोरांना पाठ असे. ही माहिती ज्यांच्याकडे आहे ती माणसे आता थकली आहेत, आणि तिची नोंद होणे छायाचित्रांइतकेच निकडीचे आहे.

महाराष्ट्रातल्या ज्या मार्गांची चित्रे शौकिनांनी जपली, त्यांत बार्शी लाइट रेल्वेचा मान पहिला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने अडीच फुटी गेजवर बांधलेली ही रेल्वे १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली आणि पुढे पंढरपूर, लातूर व मिरजेपर्यंत पोहोचली. वारीच्या दिवसांतली गर्दी, ज्वारीच्या रानातून जाणारी छोटी गाडी, कुर्डुवाडीला शेजारी उभे असलेले मोठ्या व छोट्या गेजचे डबे ही तिच्या चित्रांची ओळख. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉड गेज झाला. विदर्भातली यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ‘शकुंतला’ १९९४ पर्यंत मँचेस्टरला बांधलेल्या इंजिनावर धावत होती. गोव्याच्या सीमेवर दूधसागरच्या धबधब्यासमोरून मीटर गेजची गाडी १८८८ पासून जात असे. नव्वदच्या दशकात तिथेही ब्रॉड गेज आले, पण छायाचित्रकारांची गर्दी ओसरली नाही.

हळहळ केवळ वाफेपुरती नव्हती. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावली आणि १९३० पर्यंत विजेचे इंजिन भोर घाट चढू लागले. त्या घाटावरच्या डब्ल्यूसीजी-१ या इंजिनाला रेल्वेतली माणसे ‘खेकडा’ म्हणत. चालताना ते अंग झोकत चाले आणि उभे असताना कण्हल्यासारखा आवाज करी. १५०० व्होल्ट डीसीची ही व्यवस्था २५ हजार व्होल्ट एसीकडे गेली, ते काम मुंबई उपनगरी मार्गावर २०१६ मध्ये संपले. सुमारे नव्वद वर्षांची इंजिने आणि लोकल एकदम जुनी ठरली. या वेळी कर्जतजवळच्या चढावर, गाडीला मागून रेटणारी बँकर इंजिने जोडली-सोडली जातात त्या जागी, कॅमेरे धरून उभी असलेली मुले मराठी घरांतली होती.

६ डिसेंबर १९९५ रोजी फिरोजपूर–जालंधर मार्गावर भारतातली ब्रॉड गेजची नियमित वाफ संपली. जगभरचे शौकीन मग चीनच्या जिंगपेंग खिंडीत जमले; तिथली मुख्य मार्गावरची वाफ २००५ च्या अखेरीस थांबली.

या साऱ्या निगेटिव्हचा सर्वांत मोठा उपयोग आज इंजिनांच्या जीर्णोद्धारात होतो. भंगारातून वाचलेल्या इंजिनाच्या नळ्या, पितळी पाट्या, दिव्यांची जागा यांतले बरेच हरवलेले असते आणि कारखान्याचे नकाशे नंतरचे फेरफार दाखवत नाहीत. एखाद्या वर्षी एखाद्या शेडने कोळसा-पाण्याच्या टेंडरवर काय बदल केला, हे त्या वर्षीच्या, त्या शेडच्या छायाचित्रावरूनच कळते. रंगासाठी १९३५ नंतरच्या कोडाक्रोम पारदर्शिका कामी येतात, कारण कृष्णधवल चित्रात तांबडा आणि काळा यांतला फरक ओळखू येत नाही. १९९७ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या सेंटर फॉर रेलरोड फोटोग्राफी अँड आर्टसारख्या संस्था दिवंगत छायाचित्रकारांचे संग्रह वारसांकडून घेऊन त्यांची सूची करतात. सूची करणाऱ्यांचा बराचसा वेळ चित्रांच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेले क्रमांक, तारखा आणि गावांची नावे वाचण्यात जातो.